किती रुग्ण तपासले म्हणजे खरे मानायचे?

मागच्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यात एक ओळखीचे गृहस्थ आले. वय साठीच्या घरात, मधुमेह दहा-बारा वर्षांचा. खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून त्यांनी माझ्या टेबलावर पसरला. कुठल्याशा चूर्णाची जाहिरात होती. वर मोठ्या अक्षरांत छापले होते, ‘१० पैकी ८ रुग्णांना गुण!’

‘‘डॉक्टर, दहापैकी आठ म्हणजे ऐंशी टक्के झाले. तुमच्या गोळ्यांनी तरी कुठे शंभर टक्के गुण येतो? मग घेऊन बघायला काय हरकत आहे?’’

मी त्यांना म्हटले, ‘‘काका, दोन प्रश्न विचारतो. हे चूर्ण न घेता नुसता आहार सांभाळून, रोज चालून किती जणांना गुण आला असता? आणि दुसरे, दहाच माणसे का?’’

पहिला प्रश्न त्यांना लगेच पटला. दुसऱ्यावर मात्र ते थबकले. ‘‘दहा काय आणि शंभर काय, टक्का तोच ना? शितावरून भाताची परीक्षा होतेच की!’’

दवाखान्यात गर्दी होती, म्हणून त्या दिवशी त्यांना सविस्तर सांगता आले नाही. औषधाच्या गोळ्या बंद करू नका, एवढे बजावून पाठवले. पण प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो एकट्या त्यांचा नाही. म्हणून या आठवड्याचे सदर त्यासाठीच.

शीत आणि भात

शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरे आहे. पण का होते? कारण एका पातेल्यातले तांदूळ एकाच जातीचे, पाणी एकच, आच एकच. तरीही लग्नाच्या पंगतीचा भात शिजवणारा आचारी एकच शीत दाबून उठत नाही. वरचे, तळचे, कडेचे अशी चार-पाच शिते तो पाहतो. माणसे तर एका पातेल्यातली नसतातच. कोणाचा आजार जुना, कोणाचा नवा. कोणी तंबाखू खाणारा, कोणी न खाणारा. कोणाची मूळची प्रकृती चिवट. त्यामुळे दहा माणसांवरून गावाची परीक्षा करायला गेलो, तर योगायोगच आपल्याला फसवतो.

घरात मुलांना घेऊन एक प्रयोग करून पाहा. प्रत्येकाने एक नाणे दहा वेळा उडवायचे आणि किती वेळा छापा पडला ते लिहायचे. नाण्यात काहीही खोट नसताना १८ जणांमागे साधारण एकाला ८ किंवा त्याहून जास्त वेळा छापा पडतो. ५४ मुलांच्या वर्गात असे सरासरी तिघे निघतील. त्या तिघांनीच ‘आमचे नाणे १० पैकी ८ वेळा छापा देते’ अशी जाहिरात छापली तर? ते खोटे बोलत नाहीत. पण त्यांचे म्हणणे खरेही नाही. आता तेच नाणे शंभर वेळा उडवा. सबंध तालुक्यातील माणसांनी एकेकदा शंभर वेळा नाणे उडवले, तरी ८० छापे पडलेला माणूस सापडायचा नाही. टक्का तोच, ऐंशी. पण दहातले आठ हा योगायोग असू शकतो, शंभरातले ऐंशी हा योगायोग असणे जवळजवळ अशक्य.

एवढ्याशा गोष्टीवर माणसाचे आयुष्य कसे अवलंबून असते, हे मी फार जवळून पाहिले आहे. त्याची हकीकत परळची आहे.

गुरुजींचा प्रश्न

आपल्याकडून कर्करोगाचा रुग्ण मुंबईला न्यायचा म्हणजे परळला न्यायचा, हे आता खेड्यातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटल तिथे १९४१ साली सुरू झाले. जवळच के. ई. एम., वाडिया, पलीकडे हाफकिन संस्था. एवढ्याशा परिसरात एवढी रुग्णालये देशात क्वचितच असतील. रुग्णांचे नातेवाईक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर तिथे, नाहीतर पदपथावर पथारी टाकून दिवस काढतात.

१९९६ साली मला गणित शिकवणाऱ्या गुरुजींना घेऊन मी मुंबईला गेलो होतो. जिभेच्या कडेला न भरणारी जखम होती. तपासणीत कर्करोग निघाला, पण सुरुवातीचा. लालबागला माझे मामा होते. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नव्हती. त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही उतरलो होतो.

जिभेवरची गाठ काढायची, यात कोणाचे दुमत नव्हते. प्रश्न होता मानेचा. तोंडाचा कर्करोग पसरतो तो आधी मानेतल्या बारीक गाठींत, म्हणजे लसिकाग्रंथींत. गुरुजींची मान चाचपून पाहिली तेव्हा हाताला काहीच लागत नव्हते. पण हाताला लागत नाही म्हणजे आत नाही, असे होत नाही. अशा दहा रुग्णांपैकी साधारण तिघांच्या मानेत रोगाचे बी आधीच पडलेले असते. मग जिभेबरोबर मानेतल्या गाठीही त्याच वेळी काढून टाकाव्यात, की थांबावे, दर महिना-दोन महिन्यांनी तपासावे आणि गाठ आलीच तर काढावी?

आम्ही दोन तज्ज्ञांना विचारले. एक म्हणाले, आत्ताच काढा. दुसरे म्हणाले, दहापैकी सात जणांना त्या शस्त्रक्रियेची गरजच नसते. खांद्याची नस दुखावते, हात वर होत नाही, कशाला उगीच? दोघेही अनुभवी, दोघेही प्रामाणिक.

रात्री मामांच्या खोलीत गुरुजी मला म्हणाले, ‘‘अरे, एका गणिताची दोन उत्तरे आली म्हणजे त्यातले निदान एक चूक असणार. कोणते, ते कळायला शंभर पोरांचे पेपर तपासावे लागतात. इतके रुग्ण इथे रोज येतात. कोणी तपासलेत का हे पेपर?’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांना विचारले. तेही म्हणाले, ‘‘नक्की सांगता येत नाही.’’

गुरुजींना फळ्यावर लिहायचा हात जपायचा होता. त्यांनी थांबायचे ठरवले. दहा महिन्यांनी मानेत गाठ आली. पुन्हा शस्त्रक्रिया, मग रेडिएशन, ज्याला आपल्याकडे ‘लाईट देणे’ म्हणतात. दुसऱ्या वर्षी ते गेले. मान आधीच काढली असती तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. एका माणसाबद्दल तसे कोणालाच सांगता येत नाही. त्यांचा निर्णय चुकला असेही म्हणणार नाही, कारण त्या दिवशी बरोबर उत्तर कोणाकडेच नव्हते.

७० रुग्णांचा अभ्यास

पुढे मी शोध घेतला तेव्हा कळले की पेपर तपासले गेले होते. पण फार थोडे.

टाटा मेमोरियलमधल्याच सर्जननी जिभेच्या सुरुवातीच्या कर्करोगावर नेमका याच प्रश्नाचा अभ्यास करून १९८९ साली प्रसिद्ध केला होता. एकूण रुग्ण ७०. त्यांतील ३० जणांच्या मानेची शस्त्रक्रिया सुरुवातीलाच केली, ४० जणांची नाही. एका वर्षानंतर पहिल्या गटात सुमारे ६३ टक्के रुग्ण रोगमुक्त होते, दुसऱ्या गटात सुमारे ५२ टक्के. म्हणजे ११ टक्क्यांचा फरक.

वाचकांना वाटेल, मग उत्तर मिळालेच की! तसे नाही. टक्क्यांची माणसे करून बघू. ३० जणांचे ६३ टक्के म्हणजे १९ माणसे. ४० जणांचे ५२ टक्के म्हणजे २१ माणसे. आता पहिल्या गटातल्या फक्त तिघांचे नशीब उलटे पडले असते, तर १९ ऐवजी १६ राहिले असते. ३० पैकी १६ म्हणजे ५३ टक्के. झाला फरक नाहीसा. तीन माणसांच्या सुदैवावर किंवा दुर्दैवावर सबंध निष्कर्ष लोंबकळत होता. हिशेब असे सांगतो की एवढ्या रुग्णांत ११ चा फरक दिसला, तरी खरा फरक ३० च्या वर असू शकतो, शून्य असू शकतो, किंवा उलट्या बाजूचाही असू शकतो. त्यामुळे त्या अभ्यासातून ‘काढा’ असेही म्हणता येईना आणि ‘काढू नका’ असेही.

बाहेरच्या देशांतही हीच गत होती. फ्रान्समध्ये १९८० साली ७५ रुग्णांचा अभ्यास झाला, ब्राझीलमध्ये १९९४ साली ६७ रुग्णांचा, हाँगकाँगमध्ये २००९ साली ७१ रुग्णांचा. कोणी एक बाजू घेतली, कोणाला ठाम फरक दिसला नाही. डॉक्टर मंडळी आपापल्या गुरूने शिकवले तसे करत राहिली. दोष कोणाच्या हाताचा नव्हता. कमतरता होती ती संख्येची.

‘फरक सिद्ध झाला नाही’ आणि ‘फरक नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात ठेवावे. अंधाऱ्या माजघरात काडी ओढून पाहिले आणि सुई दिसली नाही, म्हणजे सुई तिथे नाही असे होत नाही. उजेड कमी पडला, एवढेच.

मग किती रुग्ण हवेत?

हे अंदाजाने ठरवायचे नसते. त्याचा हिशेब असतो आणि तो अभ्यास सुरू करण्याआधी मांडायचा असतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, जुन्या पद्धतीने शंभरातले किती बरे होतात? दुसरी, नव्या पद्धतीने किती जास्त बरे झाले तर ती पद्धत स्वीकारावीशी वाटेल? तिसरी, फसण्याची किती जोखीम आपण पत्करणार?

फसणे दोन प्रकारचे असते. फरक नसताना दिसणे, आणि फरक असताना न दिसणे. कोर्टातल्यासारखे आहे. निरपराध्याला शिक्षा होणे ही एक चूक, आणि गुन्हेगार सुटणे ही दुसरी. वैद्यकात साधारणपणे पहिली चूक शंभरात ५ वेळा आणि दुसरी शंभरात २० वेळा, यापेक्षा जास्त होऊ नये अशी काळजी घेतात.

आता समजा, जुन्या पद्धतीने शंभरातले ६० रुग्ण जगतात, आणि नव्याने ७० जगत असतील तर तो फरक आपल्याला महत्त्वाचा वाटतो. पाटी-पेन्सिल घ्या.

६० ला उरलेल्या ४० ने गुणा. आले २४००. ७० ला उरलेल्या ३० ने गुणा. आले २१००. दोन्हींची बेरीज ४५००. आता फरक आहे १० चा. दहाचा वर्ग १००. ४५०० ला १०० ने भागा. आले ४५. या ४५ ला ८ ने गुणा. आले ३६०. प्रत्येक गटात ३६० रुग्ण हवेत, म्हणजे दोन्ही गट मिळून ७२०.

तो ८ कुठून आला? वर सांगितलेल्या दोन जोखमींतून. खरा फरक निसटण्याची जोखीम शंभरात २० ऐवजी १० वरच आणायची असेल, तर ८ च्या जागी साडेदहा घ्यावे लागतात. संगणकावर हा हिशेब जरा बारकाईने होतो, पण उत्तर याच्या आसपासच येते. शिवाय काही रुग्ण मध्येच तपासणीला येणे सोडतात. कोणाला गाडीभाड्याची अडचण, कोणाचे सुगीचे दिवस. त्यांच्यासाठी थोडी भर आधीच धरून ठेवावी लागते.

या हिशेबातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे फरकाचा वर्ग. फरक निम्मा झाला तर रुग्ण दुप्पट नव्हे, सुमारे चौपट लागतात. ६० आणि ६५ यांतला फरक ओळखायचा तर दोन्ही गट मिळून जवळजवळ ३,००० रुग्ण हवेत. उलट ६० आणि ८० असा मोठा फरक असेल तर १६० पुरतात. आणि ७० रुग्णांत काय दिसू शकते? ६० चे ९० होणार असतील तरच भरवशाने दिसते. एवढा चमत्कार कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत क्वचितच घडतो. म्हणजे ७० रुग्णांच्या अभ्यासांतून ठाम उत्तर मिळण्याची आशा सुरुवातीपासूनच फार थोडी होती.

पाचशे पेपर तपासले गेले

२००४ साली टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला. १० टक्क्यांचा फरक महत्त्वाचा मानून त्यांनी ७१० रुग्णांचा आराखडा केला. आपल्या पाटीवरच्या आकड्याच्या किती जवळ आहे पाहा!

कोणत्या रुग्णाची मान सुरुवातीलाच काढायची आणि कोणाची नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे नाही. चिठ्ठी टाकावी तसे ठरायचे. नाहीतर धडधाकट रुग्ण एका गटात आणि खंगलेले दुसऱ्या गटात, असे नकळत होते. मग कितीही मोठी संख्या घेतली तरी उपयोग नाही. संख्या योगायोगाला आवरते, पक्षपाताला नाही.

दहा वर्षांत ५९६ रुग्ण सामील झाले. २०१४ साली पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब पाहिला गेला. २४५ जणांची मान सुरुवातीलाच काढली होती, २५५ जणांची नाही. तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्यात साडेसदुसष्ट टक्के निघाले. मृत्यू एका बाजूला ५०, दुसऱ्या बाजूला ७९. अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने सांगितले की आता थांबा, उत्तर मिळाले. २०१५ साली हा अभ्यास अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुरुवातीला ८ जणांची मान काढली तर त्यांतला एक मृत्यू टळतो, असा त्याचा अर्थ. तेव्हापासून जगभरचे सर्जन या आकड्यांचा आधार घेऊन रुग्णाला सल्ला देतात. काही ठिकाणी आता आधी एखाद-दुसरीच गाठ काढून तपासायची पद्धतही आली आहे. पण नुसते थांबून वाट पाहण्याचा सल्ला मागे पडला.

१९८९ च्या अभ्यासात दिसलेला फरक होता ११. या अभ्यासात दिसलेला फरक साडेबारा. एकात मोजले ते रोगमुक्त, दुसऱ्यात मोजले ते जिवंत, एवढा भेद सोडला तर आकडे किती जवळचे आहेत! त्याच परळमध्ये, त्याच रुग्णालयात, पंचवीस वर्षांच्या अंतराने. वाढली ती मुख्यतः माणसांची संख्या, आणि ‘नक्की सांगता येत नाही’चे ‘नक्की सांगता येते’ झाले.

कोणी विचारेल, ७१० ठरवले होते तर ५०० वर का थांबवले? कारण उत्तर स्पष्ट झाल्यावर आणखी रुग्ण घेणे म्हणजे त्यांतल्या निम्म्यांना जाणूनबुजून कमी प्रतीचा उपचार देणे. कमी रुग्ण घेणे ही चूक, तशी गरजेपेक्षा जास्त घेणे ही देखील चूकच. मात्र मधूनमधून डोकावून पाहिले आणि आकडे मनासारखे दिसले की थांबवले, असेही चालत नाही. भात होण्याआधी झाकण उघडून उघडून पाहणाऱ्याला कधी ना कधी शिजल्याचा भास होतोच. म्हणून कधी पाहायचे आणि कोणत्या अटीवर थांबायचे, याचे नियम आधीच ठरवायला हवेत, आणि पाहणारी समितीही स्वतंत्र हवी.

फरक मोठा असेल तर, घटना विरळ असेल तर

संख्या नेहमीच मोठी लागते असे नाही. १८९७ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. डॉ. हाफकिन यांनी आपली नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीने पुढे आलेल्या सुमारे दीडशे कैद्यांना टोचली. त्यांच्यात प्लेगचे २ रुग्ण निघाले, मृत्यू एकही नाही. न टोचलेले कैदी थोडे जास्त होते. त्यांच्यात १२ रुग्ण आणि ६ मृत्यू. प्रमाणात पाचपटीचा फरक असल्यामुळे सव्वातीनशेच्या आत माणसांतही तो दिसला. पुढे १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. अर्थात टोचून घेणारे आपणहून पुढे आले होते, चिठ्ठी टाकून निवडले नव्हते. तेवढी उणीव त्या हिशेबात राहिलीच.

उलट, जी घटना मुळातच विरळ असते तिच्यासाठी माणसे लाखांनी लागतात. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लवकर शोधण्यासाठी व्हिनेगरसारखे द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी तपासायची एक स्वस्त पद्धत आहे. तिने मृत्यू टळतात का, हे पाहण्यासाठी टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये अभ्यास केला. एका गटात ७५ हजारांवर स्त्रिया, दुसऱ्यातही ७५ हजारांवर. एवढ्या कशाला? कारण या रोगाने एका वर्षात लाखामागे मरणाऱ्या स्त्रिया होत्या सुमारे १६. तपासणी केलेल्या गटात त्या सुमारे ११ झाल्या. मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०१३ साली जाहीर झाला. हजार-दोन हजार स्त्रियांत हे कधीच दिसले नसते. ज्या गटाला तपासणीऐवजी फक्त माहिती दिली त्यांच्यावर अन्याय झाला, अशी टीकाही या अभ्यासावर झाली आणि ती कानाआड करण्यासारखी नाही. या आकड्यांमागे जिवंत माणसे असतात. म्हणूनच ते काळजीने ठरवावे लागतात.

वाचकांनी काय विचारावे?

यापुढे कोणीही ‘इतके टक्के गुण’ असे सांगितले, मग तो चूर्णवाला असो, औषध कंपनीचा माणूस असो की मी असो, तर चार प्रश्न जरूर विचारा.

१) किती जणांपैकी? नुसता टक्का ऐकू नका, माणसे मोजा.

२) कोणाशी तुलना केली? औषध न घेणारा किंवा जुने औषध घेणारा दुसरा गट होता का?

३) गट कसे पाडले? डॉक्टरच्या मर्जीने, रुग्णाच्या मर्जीने, की चिठ्ठी टाकल्यासारखे?

४) मध्येच सोडून गेलेल्यांचे काय झाले? त्यांना हिशेबातून वगळले असेल तर टक्का फुगतो.

तुम्हालाच एखाद्या मोठ्या रुग्णालयात अभ्यासात सामील व्हाल का असे विचारले, तर घाबरून जाऊ नका. असे अभ्यास रुग्णालयाच्या नीतिसमितीची मंजुरी घेऊनच करता येतात, आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची सरकारी नोंदवहीत आधी नोंद करावी लागते. किती रुग्ण घेणार, तो आकडा कसा ठरवला, दुसऱ्या गटाला काय मिळणार, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. नको वाटले तर नाही म्हणा, आणि मध्येच सोडावेसे वाटले तरी सोडता येते. त्याने तुमचा नेहमीचा उपचार थांबत नाही. पण होकार दिलात, तर मात्र तपासणीच्या तारखा चुकवू नका. न आलेला प्रत्येक रुग्ण हिशेबात एक भोक पाडतो.

आणि एक जाता जाता. तोंडात तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांतले काहीही असेल तर दुखत नाही म्हणून बसून राहू नका. डॉक्टरांना दाखवा. तंबाखू, मिश्री आणि गुटखा आजच सोडा. यासाठी कोणत्याही नव्या अभ्यासाची वाट पाहायची गरज नाही. ते पेपर केव्हाच तपासून झाले आहेत.

चूर्णाची जाहिरात आणणारे काका परवा पुन्हा आले होते. मी त्यांच्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ६० आणि ७० चा हिशेब करून दाखवला. त्यांनी तो लक्ष देऊन पाहिला आणि म्हणाले, ‘‘म्हणजे त्या पाचशे लोकांनी चिठ्ठी पत्करली, म्हणून आज दुसऱ्यांना नक्की सांगता येते.’’

गुरुजींच्या तोंडून ऐकायला आवडले असते, असे ते वाक्य होते. काकांनी कागदाची घडी घातली आणि साखर तपासण्यासाठी हात पुढे केला.